पासिंगपुरता टायर

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. पण माझ्या अंगावरची नक्षी अजून कोरी करकरीत आहे. तिचं कौतुक करू नका. मला तिचीच भीती वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी माझ्या खाचांतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा ओल्या रस्त्यावरही घट्ट धरून राहील." हवा भरण्याआधीच मी फुगून गेलो. मला लांबलांबच्या रस्त्यांची स्वप्नं पडू लागली.

पण मला आणि माझ्या तीन भावांना एका गॅरेजवाल्याने विकत घेतलं. त्याचं गॅरेज वाहन तपासणीच्या मैदानासमोर होतं. गाडी पासिंगला आली की तिचे झिजून गोटा झालेले टायर उतरायचे आणि आम्ही चौघे चढायचो. मैदानात जाऊन आलो की लगेच आम्ही उतरायचो, पुन्हा तेच गोटे गाडीला. मालक भाडं घ्यायचा आणि त्यातला वाटा मैदानात गाड्या तपासणाऱ्या साहेबांना पोचवायचा. साहेब बुटाच्या टोकाने मला टोचायचे आणि "टायर उत्तम" म्हणून सही ठोकायचे. माझ्या कडेला पिवळ्या रंगाचा डाग आहे. तोच डाग इतक्या गाड्यांवर कसा, असं त्यांना कधी वाटलं नसेल का? डाग दिसला की ते आभाळाकडे बघत. मला दरदरून घाम फुटायचा. टायरला घाम कुठला म्हणाल. पण त्या गाड्या पुढे कुठल्या घाटात, कुणाला घेऊन जाणार, हे आठवून माझी पाचावर धारण बसायची.

शाळेची मुलं नेणारे एक ड्रायव्हरकाका मात्र आमच्याकडे फिरकत नसत. त्यांनी पदरमोड करून नवे टायर घेतले होते. साहेबांनी त्यांना कधी हॉर्नसाठी, कधी रंगासाठी हेलपाटे घालायला लावले. आमच्या गाड्या चुटकीसरशी सुटत आणि काका उन्हात ताटकळत. पुढे त्यांचेही टायर झिजले, आणि एके सकाळी ते मान खाली घालून आमच्या दारात आले.

"सगळेच करतात, मग मीच काय घोडं मारलंय?" ते म्हणाले.

त्या दिवशी पासिंगची रांग लांबली. सही मिळेपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली, म्हणून काका आम्हाला घेऊनच मुलांना आणायला गेले. पावसाची सर आल्याने रस्ता ओला होता. उतारावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. काकांनी करकचून ब्रेक दाबला. मुलं किंचाळली. मी जीव खाऊन रस्ता धरून ठेवला आणि गाडी थांबली. आयुष्यात तेवढं एकदाच मी माझं काम केलं.

मालकाला टायर परत हवे होते, म्हणून गाडी मुलांसकट गॅरेजवर आली. काकांनी मालकापुढे हात जोडले.

"आज हे टायर होते म्हणून वाचलो हो! दोन दिवस राहू द्या ना."

"पुढची गाडी खोळंबलीये. मिस्त्री, उतरवा!" मालक म्हणाला.

मुलं बाकावर बसली. त्यांत मिस्त्रीची स्वतःची लेकही होती. त्याने मला उतरवलं, गोटा टायर हातात घेतला, त्यावरून तळवा फिरवला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता हा पाना फेकून देणार. पण त्याने गुपचूप सगळे नट आवळले. मग लेकीचं दप्तर उचललं.

"तू माझ्याबरोबर चल. आपण चालत जाऊ."

"आणि बाकीचे, बाबा?"

मिस्त्रीने दप्तर खांद्याला अडकवलं आणि तिचा हात धरला. बाकीची मुलं गाडीत चढली आणि तिला हात हलवत निघून गेली.

गाडीतली मुलं सुखरूप घरी पोचली. त्यामुळे "बघा, काही होत नाही," असं म्हणायला सगळे मोकळे झाले. माझ्या जिवाला मात्र घोर लागला आहे.

मित्रांनो, उभ्या गाडीच्या टायरवरून एकदा बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागला, तर चढू नका. आणि एकटेच बाजूला होऊ नका, सगळ्यांना उतरवा.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजलाय. मिस्त्री मला न्यायला येतोय. या गाडीत उद्या कोण बसणार आहे, हे मला त्याला विचारायचंय. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.