अकरा छप्पननंतरची बावीस मिनिटं

मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करते. त्यातल्या कुक आडनावाच्या आजोबांच्या दारामागे एक गोल चकती चिकटवलेली होती. आल्यावर तिला मोबाइल लावून वेळ नोंदवायची, निघताना पुन्हा लावून नोंद बंद करायची. मधला वेळ कामाचा. एका घरून दुसऱ्या घरी बुसानचे चढ चढत जीव जातो, तो मेला वेळ कुणाच्या खिजगणतीतही नाही.

मंगळवारी अकरा छप्पनला मी मोबाइल लावला आणि बूट घालायला वाकले. तेवढ्यात आजोबा खुर्चीतून घसरले. मी अँब्युलन्सला फोन केला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अँब्युलन्स त्या चढावर बारा अठराला पोचली. तोवर आजोबा गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या अंत्यविधी-दालनात आम्हाला कामावर पाठवणाऱ्या केंद्राच्या प्यो मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं. नोंद बंद झाल्यावर तू त्या घरात काय करत होतीस, असं विचारतील, म्हणाल्या. तुझ्यासमोर पडले म्हटलं की चौकशी लागेल, केंद्रही गोत्यात येईल.

"छत्री विसरलीस, परत आलीस, तेव्हा सगळं आटपलं होतं. एवढंच बोलायचं, मालसुन. नाहीतर उद्यापासून घरी बस."

मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, घाबरलेच होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं काम कोण देणार?

आजोबांची मुलगी सोन्ही आमच्यासमोर, भेटायला येणाऱ्यांना देतात ते सूपचे वाडगे ठेवून तिथेच बसली. काळे कपडे, सुजलेले डोळे. तिने चौकशीचं काहीच काढलं नाही.

"ताई, एकच सांगा. बाबा एकटे होते का?"

प्यो मॅडमनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. छत्री, छत्री, असं मनात घोकत होते, पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून जीभच रेटेना.

"नाही. मी होते," मी म्हटलं. "पडले तेव्हापासून शेवटपर्यंत. मलाच रागावत होते. म्हणे, नीघ आता, पुढची म्हातारी जेवायची थांबली असेल."

सोन्ही हुंदका देऊन हसली. "बाबाच ते."

प्यो मॅडमनी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि उद्याच्या तिन्ही घरांवरून माझं नाव उडवलं.

"पुन्हा सांगा ना," सोन्ही म्हणाली.

मी वाडगा बाजूला सारला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.