दार मोजणारी बाई

बुरुल पहिल्यांदा किरगिझस्तानातल्या तोकमोक गावच्या त्या गल्लीत गेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि पिशवीत विद्यापीठानं छापून दिलेल्या प्रश्नांचे तीनशे कागद होते. सोविएत राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांशेजारी कशी राहतात, यावर तिला बिश्केकच्या विद्यापीठातून पीएचडी करायची होती.

चौदावा प्रश्न होता : शेजारी परधर्माचा चालेल का?

"मुळीच नाही," जुलेखाआपा म्हणाली. दुंगान, म्हणजे मूळची चीनकडची मुसलमान, पन्नाशीची, हात कोपरापर्यंत पिठात. "आपली माणसं ती आपली."

शेजारची क्लावा रशियन, कोपऱ्यात येशूची तसबीर. तिचंही उत्तर तेच. बुरुलनं दोन्हीकडे 'नाही'वर खूण केली. एवढ्यात क्लावा उठली, अंगणाच्या भिंतीतल्या बुटक्या दारातून वाकून पलीकडे गेली आणि जुलेखाची चाळण घेऊन आली.

"अहो, आत्ता तर नको म्हणालात!"

"परधर्माचा नको म्हणाले. ती जुलेखा आहे!"

बुरुल बारा दिवस जुलेखाच्या ओसरीवर मुक्काम ठोकून बसली. त्या दारातून एकसष्ट वेळा ये-जा झाली. अंडी, सिरका, रक्तदाब मोजायचं यंत्र. दोनदा तर नुसतं भांडायला.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे 'आगाय' म्हणजे गुरुजी म्हणत, चांगलेच उखडले. "दारं मोजायला पाठवलं होतं तुला?"

"आगाय, कागदावर या दोघी वैरिणी दिसतात."

"म्हणजे कागद खोटा?"

"खरा आहे. पण अपुरा आहे."

विभागात तिचं नाव 'दारवाली' पडलं.

दुसऱ्या वर्षी क्लावा मुलाकडे ओम्स्कला निघून गेली. घर एसेनतुर नावाच्या किरगिझ माणसानं घेतलं. तोही मुसलमानच. त्यानं पहिलं काम काय केलं, तर ते दार विटांनी बुजवून टाकलं. बुरुल पुन्हा आली ती त्या भिंतीसमोर बसून वहीत लिहू लागली. प्रबंधातून एवढी गोष्ट गाळली असती तर कुणाला कळणार होतं? पण तिनं शेवटच्या प्रकरणात सगळं लिहिलं आणि वर हेही लिहिलं, की नव्या शेजाऱ्याला संबंध नकोत.

तोंडी परीक्षेत एक परीक्षक हसले. "दार बुजलं. संपला तुमचा सिद्धान्त!"

"धर्म एक झाला आणि दार बंद झालं," बुरुल म्हणाली. "तुमचा चौदावा प्रश्न इथं 'सगळं छान' म्हणेल."

मग परीक्षकांनी मतं दिली. एका मतानं का होईना, ती पास झाली.

पुढं तीस वर्षं ती शिकवत राहिली. विभागप्रमुखपद काही मिळालं नाही. पण तिचे विद्यार्थी ओशपासून अल्माटीपर्यंत, कुणाच्या घरचं ताट कुणाच्या घरी जातं, हे विचारत हिंडू लागले.

निवृत्तीच्या वर्षी, वसंतात, ती दोन विद्यार्थिनींना घेऊन गल्लीत आली. जुलेखाआपा ऐंशी ओलांडलेली, जीभ मात्र तशीच. "आलीस का गं? म्हातारी झालीस की!" ओम्स्कहून क्लावाचा दर रविवारी फोन येतो, असं तिनं सांगितलं. तेवढ्यात एसेनतुर फाटकातून आत आला, हातात गरम नान. रस्त्यानं वळसा घालून आला होता.

तिकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं 'आके' म्हणत बुरुलनं धीर करून विचारलं, "एसेनतुर आके, ते दार तुम्ही का बुजवलंत?"

"मेंढ्या! माझ्या मेंढ्या त्यातून शिरून आपाचा कोबी फस्त करायच्या. आपानंच सांगितलं, बुजव मेल्या म्हणून!"

"चाळीस गड्डे खाल्ले!" जुलेखा कडाडली.

"आके, मग मला तेव्हाच सांगितलंत का नाही?"

"तू विचारलंस कुठं? भिंतीकडे बघून लिहीत बसलीस."

बुरुलला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. 'दार बुजलं म्हणजे संबंध नकोत' हे जे वाक्य ती तीस वर्षं ठासून शिकवत आली, ते कोबीच्या गड्ड्यांनी पाडलं होतं. तिला फार हलकं वाटलं. अजून एक निबंध लिहायचा राहिला होता तर!

"वही काढा गं," ती मुलींना म्हणाली. "आके, मेंढ्या किती होत्या?"

"अकरा."

"नऊ," जुलेखा म्हणाली, आणि दोघांची जुंपली.