सैतानाच्या वकिलाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझं नाव फार बदनाम आहे. चर्चच्या बाकांतून उरलेल्या सागवानाची मी, पण सगळे मला म्हणतात 'सैतानाची खुर्ची'! आता कपाळाला हात लावायचा, तर मला हातच तेवढे आहेत, कपाळ नाही.

त्याचं असं झालं. कॅथलिक चर्चमध्ये पूर्वी कुणाला संत ठरवण्याआधी त्याच्या विरुद्ध बोलायला मुद्दाम एक माणूस नेमत. त्याला गमतीने सैतानाचा वकील म्हणत. फादर मंडळींनी हे विद्यापीठ काढलं तेव्हा तीच रीत वर्गात आणली. कुणी प्रबंध मांडला की एकाने माझ्यावर बसून आक्षेप घ्यायचे. अट एकच. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आक्षेपाचा 'आ'सुद्धा काढायचा नाही.

विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, म्हणून मी स्वतःलाच विद्यापीठ समजत असे. पोरं म्हणत, "पीठ म्हणजे इथं दळून आपलं होतं ते!" भल्याभल्यांना मी घाम फुटलेला पाहिला आहे. पुढे सभागृहात गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी इथं शिकवणारे एक म्हातारे फादर आले आणि मला आत न्यायला लावलं. त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा होती, आणि आक्षेप तेच घेणार होते. पंचाईत अशी, की जुन्या ख्रिस्ती मठांतले साधू जुने ग्रंथ निमूटपणे उतरवून काढत, असं फादरांनी आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. पोरीचा प्रबंध नेमका त्याच्या उलट होता. फादरांना तो पटला नाही, तर तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"तुझं म्हणणं, उतरवताना साधूंच्या चुका होत," फादर म्हणाले.

"नाही, फादर."

"मग ते मनाला येईल ते घुसडत?"

"नाही, फादर." गुरूला भर सभेत दोनदा 'नाही' म्हणणं सोपं नसतं. मागे कुजबुज सुरू झाली. वाटलं, आता फादर भडकणार. पण त्यांनी चष्मा पुसला आणि ते प्रबंधाची पानं पुन्हा उलटू लागले. बराच वेळ ते वाचत राहिले.

मग सावकाश म्हणाले, "ते समासात आपली शंका लिहीत. पुढचा साधू त्या शंकेसकट ग्रंथ उतरवी, वर स्वतःची शंका जोडी. म्हणजे मठांनी नुसती उत्तरं जपली नाहीत. वाद जपला."

"हो, फादर. हेच!" पोरीचे डोळे भरून आले.

"आता आक्षेप घ्या," परीक्षक म्हणाले.

फादरांनी माझे हात घट्ट धरले. "आक्षेप आहे," ते म्हणाले, "पण तो माझ्या पुस्तकावर आहे."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझ्या नावाची लाज वाटत नाही. माझा एक पाय डुगडुगतो, जमलं तर त्याला पाचर ठोका. छत्र्या मात्र दुसरीकडे ठेवा. आणि खुशाल भांडा, अगदी आपल्या माणसांशीही भांडा. फक्त आधी त्यांच्या तोंडून "हो, हेच" ऐकून घ्या.