काट्याचा झोका

मित्रांनो, मी ऑकलंडच्या एका इस्पितळातला जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, रक्ताचा. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम मी करतो. जर्मनीत माझा जन्म झाला आणि बोटीतून इथे आलो. तारुण्यात माझं फार कौतुक झालं. मग नवा पंप आला आणि मला कोपरा मिळाला.

कोपऱ्यात माझी विचारपूस करणारी एकच, लोसा. ही सामोआची बाई आमच्याकडे साफसफाईला होती. माझ्या दाबाच्या काट्यावरची काच ती तोंडाची वाफ सोडून पुसायची आणि म्हणायची, "काय म्हाताऱ्या, अजून जिवंत का?" मला चालवणारी नायरी तिला रागवायची, "अगं, वाफ नको, औषधाचं फडकं घे!" लोसा हसायची आणि नायरीच्या हातावर नारळाच्या दुधातला पाव ठेवायची.

आमच्या दोन सर्जनांचं एका बाबतीत कधीच जमलं नाही. महाधमनीचं आतलं अस्तर फाटलं की रक्त भिंतीच्या थरांत शिरून खोटा रस्ता करतं. अशा वेळी शरीरात रक्त सोडणारी माझी नळी कुठे घालायची? हॅमिश म्हणायचा, "मांडीत. चीर दिली की नळी आत, माणूस वाचला."

"आणि रक्त उलटं वर चढून खोट्या रस्त्याला लागलं तर?" करीन विचारायची. "काखेतल्या धमनीला शिवून घाल. सरळ डोक्याला पोचतं."

"तुझं शिवणकाम होईपर्यंत पेशंट वर पोचतो!"

नळी कुठेही घाला, आमच्याकडे एक रीत होती. सर्जन विचारी, "झोका?" हृदयाच्या ठोक्याबरोबर माझा काटा हलला, तर नळी खऱ्या रस्त्यात आहे असं समजायचं. तो हलताना पाहूनच नायरी म्हणे, "झोका आहे."

एका सकाळी फरशी पुसता पुसता लोसा छाती धरून खाली बसली. "पाठीत काहीतरी फाटलं गं," एवढंच ती नायरीला म्हणाली. तपासणीत महाधमनी फाटलेली दिसली. नवा पंप शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाला लावलेला होता, म्हणून मला ओढत आणलं. मित्रांनो, मला पुसणारे हात टेबलावर निपचित पडले होते.

काखेतून जायचं ठरलं होतं. करीनने चीरही दिली होती. तेवढ्यात लोसाचा रक्तदाब कोसळला.

"मांडी घे, हॅमिश!" करीनच ओरडली. "माझं होईपर्यंत ती राहणार नाही."

हॅमिशने मांडीत नळी घातली. "झोका?"

"नाही," नायरी म्हणाली. "पण तिचा दाबच उरला नाही, काटा हलणार कशाने?"

"मग वाट कसली बघायची? चालू कर."

मी फिरू लागलो. माझा काटा चढला, चढतच गेला. तिच्या उजव्या मनगटातला उरलासुरला दाबही नाहीसा झाला. मी जीव तोडून ढकलत होतो ते रक्त खोट्या रस्त्यात चाललं होतं आणि खरा रस्ता दाबून टाकत होतं. मला ओरडता येत नाही. मला फक्त काटा आहे.

"डोक्याला काही पोचत नाही! थांबवते मी!" नायरीने मला बंद केलं.

हॅमिशने छाती उघडली आणि तो हृदय मुठीत धरून दाबू लागला. करीन काखेतल्या बारीक धमनीला कापडी नळी शिवत होती. ते काम घाईने होत नाही.

"करीन, लवकर गं!" हॅमिश ओरडला.

"बोलू नकोस माझ्याशी!"

लोसा जात होती आणि मला चालवायला कुणी सांगत नव्हतं. अखेर नळी जोडली गेली.

"झोका?" करीनने विचारलं.

हॅमिशने मूठ आवळली. माझा काटा थरथरला. त्याने पुन्हा आवळली, काटा पुन्हा हलला.

"आहे!" नायरी रडत म्हणाली. "झोका आहे!"

मग संध्याकाळपर्यंत मी एकदाही अडखळलो नाही. फाटलेला भाग काढून तिथे कापडी धमनी बसवली. 'मी म्हटलं नव्हतं?' असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

लोसा जगली. पण तिच्या मेंदूने बराच वेळ रक्ताविना काढला होता. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. मांडीतून गेलो नसतो तर ती करीनची नळी जोडेपर्यंत टिकली असती का? मी ते रोज स्वतःला विचारतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आम्ही काट्याने बोलतो. घाईत असाल तेव्हाही आमच्याकडे बघा, आमची काच धुरकट होऊ देऊ नका.

परवा नायरीने लोसाला चाकाच्या खुर्चीतून माझ्या कोपऱ्यात आणलं. लोसा माझ्याकडे पाहत ओठ हलवत राहिली, पण 'म्हाताऱ्या' काही तिला सापडेना. मग ती पुढे वाकली, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि डाव्या हाताने ती पुसली. या वेळी नायरी रागावली नाही.