काळकाईचा टाक

बौद्धाचार्य दत्तारामांनी नायगावच्या चाळींतून चाळीस वर्षे धम्माचे कार्य केले. घरोघरचे देव्हारे त्यांनी स्वहस्ते उतरवले; भटजीविना, मुहूर्ताविना लग्ने लावली. ज्या बायका चारचौघांत तोंड उघडत नसत, त्यांना वंदना म्हणायला उभे केले. गुणवंती त्यांतलीच एक. आज तिच्या लेकीचे, सुमेधेचे लग्न लावायला ते आले होते, आणि खाली मंडपात वऱ्हाड खोळंबले होते.

बुद्धमूर्तीखाली अंथरायला पांढरे वस्त्र हवे होते. गुणवंतीने घाईघाईने पेटीतली घडी ओढली, तसा तीतून काळकाई देवीचा चांदीचा टाक निसटला आणि आचार्यांच्या पायाशी पडला.

“हे काय, गुणवंती?”

“सासूबाईंचा आहे, दादा. जाताना हातात दिला. कधी कुंकू लावलं नाही मी त्याला.”

“मग ठेवलास कशाला? बावीस प्रतिज्ञा घसा फोडून म्हणतेस आणि पेटीत देवी निजवतेस?”

“आठवण आहे.”

“आठवणीला फोटो असतो. आत्ता माणूस पाठव, वरळीच्या समुद्रात टाकून येऊ दे. मग लग्न लावीन.”

“मुलाकडची माणसं बसलीत, दादा.”

“बसू देत. कुणाच्या घरची सून नेतायत, तेही कळू दे त्यांना.”

दारात उभ्या असलेल्या सुमेधेने मान खाली घातली. ते पाहताच गुणवंतीच्या कानशिलांची आग झाली. तिने टाक उचलला.

“चळवळीच्या दिवसांत याच म्हातारीच्या हातची भाकरी खायचात तुम्ही. हा तेव्हा तिच्या कनवटीला असायचा. तेव्हा नाही झाला विटाळ?”

“जीभ फार चालायला लागली तुझी.”

“तुम्हीच चालवायला शिकवलीत.”

“मी मंडपात पाऊल ठेवणार नाही.”

“नका ठेवू. लग्नाला ठरावीक माणूस लागत नाही, हे तुम्हीच सांगत आलात.”

टाक पेटीत ठेवून तिने कुलूप लावले, वस्त्र खांद्यावर टाकले आणि लेकीचा हात धरून ती जिना उतरली.

मूर्तीपुढे ती उभी राहताच वऱ्हाडात कुजबुज झाली. पहिल्या शब्दाला तिचा आवाज कापला. मग तिने डोळे मिटून त्रिशरण दिले आणि मंडपाने ते तिच्यामागून म्हटले. डोळे उघडले तेव्हा आचार्य जिन्याच्या तळाशी उभे होते. त्यांचे हात जोडलेले होते, ओठही हलत होते. नजर मात्र तिच्याकडे नव्हती.

नवरदेवाला, राजेशला, तिने लग्नाची पहिली प्रतिज्ञा सांगितली, तेव्हा आचार्य न जेवता फाटकाबाहेर पडत होते. तिने कुणालाही त्यांच्यामागे धाडले नाही. दुसरी प्रतिज्ञा तिने जरा मोठ्याने सांगितली.