हिंडून आलेला बॅज

हृदयाच्या डॉक्टरांचा बॅज पुन्हा मर्यादेबाहेर गेला आणि डॉक्टरांनी पुन्हा विमानतळावर खापर फोडलं. छातीवर लावायचा तो इवलासा बॅज, अंगावर किती एक्स-रे पडले ते साठवून ठेवतो. मर्यादा ओलांडली की एक्स-रे चालू ठेवून ऑपरेशन करतात त्या टेबलापासून माणसाला लांब बसवायचं, असा नियम. हॉस्पिटलात तो पाळायला लावण्याचं काम वहिनींचं, आणि डॉक्टर म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा दीर. घरादाराला तो हिरा वाटे. वहिनींच्या लेखी ती गारगोटी होती.

"वहिनी, परिषदेला जाताना बॅज बॅगेतच राहिला. बॅग त्यांच्या मशीनमधून जाताना गेली, येताना गेली. आकडा फुगणारच! खोडून टाका."

नाचता येईना अंगण वाकडं! बॅगेवर पडतात ते किरण इतके किरकोळ, की बॅज त्यांची दखलही घेत नाही. पण या दीडशहाण्याला शिकवणार कोण? मागच्या खेपेला हीच थाप मारून त्यानं वरच्या साहेबांकडून आकडा पुसून घेतला होता. म्हणून यंदा तो निघताना वहिनींनी त्याच्या बॅगेच्या कप्प्यात गुपचूप एक नवा बॅज सरकवला होता.

"हा बघा. तुमच्याबरोबर हिंडून आला, भावोजी, आणि कोराच्या कोरा. मशीनचा राग काय फक्त तुमच्यावर?"

डॉक्टर गडबडला. मग पळवाट सापडल्यासारखा हसला.

"बरं बाई, खरं सांगतो. ते किरण माझ्या अंगावर पडलेलेच नाहीत. मी बॅज लावतो कुठे? ताईचा बॅज भरत आला होता. तिला बसवलं असतं तर माझं काम अडलं असतं. म्हणून तिचा काढून माझा तिला लावला. झालं समाधान?"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. टेबलाशी त्याच्या हातात हत्यारं देणारी नर्स. रात्रपाळ्या करून हिनंच त्याला डॉक्टर केलं होतं.

म्हणजे दोन्ही आकडे एकट्या वन्संच्या अंगावर. त्या तोंडाकडे बघायचीसुद्धा वहिनींना किळस वाटली. त्यांनी फोन उचलला.

"ताईंना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. पुन्हा आत सोडायचं नाही."

डॉक्टरचा चेहरा आता कुठे उतरला.

"आत्ता? अहो वहिनी, पेशंट टेबलावर घेतलाय. माझ्या हाताशी कोण उभं राहणार?"