खड्गमांत्रिकाची घडण

सुज्ञ वाचकहो, शूरांच्या व विद्वानांच्या कथा आजवर पुष्कळांनी लिहिल्या. पुढील मजकुरात एका साध्या नोकरदार गृहस्थाची हकीकत सादर केली आहे. शौर्य आणि विद्या यांची सांगड एकाच पात्राच्या ठायी घालण्याचा यत्न त्यांनी पाच दिवस केला. तो सफल झाला, आणि सफल झाला म्हणूनच त्यांना घरी जाणे जड गेले. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी, एवढीच विनंती.

"मास्तर, तुमचा गडी उभ्या उभ्या मेला!"

प्रोग्रॅमरबाईंनी खुर्ची मागे ढकलली आणि हात वर केले. पडद्यावर एक योद्धा, एका हातात तलवार व दुसऱ्या हातात निळी ज्योत घेऊन, पाठीवर पडला होता. त्याच्या छातीवर लांडगा निवांत बसला होता.

"कशाने मेला?" मास्तरांनी विचारले.

"विचाराने. तलवार चालवू की मंत्र म्हणू, या विचारात असताना लांडग्याने जेवण उरकलं."

संगणकावर हजारो माणसे एकाच वेळी खेळतात, असा एक खेळ मास्तरांचे कार्यालय चालवीत असे. खेळणारा आरंभी आपला पेशा निवडतो. वीर जवळून वार करतो, मांत्रिक दुरून मंत्र सोडतो, वैद्य इतरांच्या जखमा भरतो. कोणाचा घाव किती खोल, कोणाचा श्वास किती लांब, हे आकडे अकरा वर्षे मास्तरच बसवीत आले होते. त्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते, परंतु आकड्यांशी त्यांचे सख्य होते. म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणत. मात्र अख्खा पेशा घडविण्याचे काम त्यांच्याकडे प्रथमच आले होते. तलवार आणि मंत्र दोन्ही चालविणारा खड्गमांत्रिक शुक्रवारच्या चाचणीत टिकला तर खेळात येणार, न टिकल्यास यादीतून कायमचा जाणार, असे मालकीणबाईंनी सोमवारीच बजावले होते.

या कामाची मास्तरांना विशेष ओढ होती, त्याचे कारण घरी होते. त्यांच्या थोरल्या भगिनी एकतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तोवर उजव्या हाताचे सांधे धरले होते. भावाचा खेळ त्या आवडीने खेळत, पण वीराची घाई बोटांना झेपेना, म्हणून नाइलाजाने वैद्य होत. एकदा त्या चिडून म्हणाल्या होत्या, "जन्मभर पट्ट्या बांधल्या. आता खेळातही पट्ट्याच बांधू का रे? मला एकदा कोणाला तरी हाणायचंय!"

मंगळवारी सायंकाळी मास्तरांनी तो पडीक गडी ताईंपुढे ठेवला. ताईंनी चष्मा पुसून दोन लांडग्यांशी झुंज दिली आणि दोन्ही वेळा हार खाल्ली.

"हा एक माणूस नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "दोन माणसं एका सदऱ्यात कोंबलीयेस तू. एक काम करतो तेव्हा दुसरा खिडकीतून बाहेर बघतो."

"मग काय करू?"

"मी सुई टोचताना काय करायचे? रुग्णाशी बोलायचे. घरी कोण कोण असतं, काल झोप लागली का, असं. ते बोलणं वेगळं आणि सुई वेगळी, असं कधी वाटलंच नाही. बोलणं थांबलं की दंड ताठ व्हायचा आणि सुई अडायची."

मास्तरांनी पेन काढले आणि हाताशी आलेल्या वाणसामानाच्या यादीमागेच लिहावयास सुरुवात केली.

बुधवारी खड्गमांत्रिकाचा पुनर्जन्म झाला. आता मंत्र आणि तलवार एकदमच चालत. मंत्राची पाच अक्षरे पडद्यावर एकेक करून उजळत, आणि प्रत्येक अक्षराच्या उजेडात तलवारीचा एक वार बसवावा लागे. पाचही वार वेळेवर बसले की पात्यातून वीज निघे. एक जरी चुकला तरी मंत्र तुटे व पहिल्यापासून आरंभ करावा लागे. अक्षर किती वेळ उजळावे, हा एकच आकडा आता उरला होता. तो बसविण्यासाठी मास्तर घड्याळ घेऊन ताईंशेजारी बसले. अर्ध्या सेकंदात ताईंचे बोट संगणकाच्या कळीपर्यंत पोचेना. पाऊण सेकंदात कधी पोचे, कधी नाही. पूर्ण एका सेकंदात पाचही वार बसले, वीज कडाडली, आणि लांडगा कोलमडला.

"हाणला!" ताई ओरडल्या. "बघितलंस? हाणला की नाही मेल्याला!"

मास्तरांनी कागदावर 'एक' लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाकडून चूक घडली ती येथे. हजारो खेळाडूंचा आकडा त्यांनी एकाच बोटावर बेतला.

शुक्रवारी आठ कसलेले खेळाडू चाचणीस बसले. तासाभरात सातांनी खड्गमांत्रिक निवडला, आणि त्यांच्या विजेपुढे टिकाव न लागल्याने आठवा रुसून उठून गेला.

"मास्तर, पेशा झकास आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "पण एक सेकंद म्हणजे या लोकांना आंदण झालं. डुलक्या काढत वीज पाडतायत. पाव सेकंद करा."

"पाव?" मास्तरांनी विचारले. "ज्यांचा हात मंद आहे त्यांच्यासाठी सवलतीची वेगळी कळ देता येईल."

"द्वंद्वात सगळेच ती कळ लावतील, काका," प्रोग्रॅमरबाई हळूच म्हणाल्या. एरवी त्या त्यांना काका म्हणत नसत.

"मग अर्धा तरी."

"अर्ध्यावरही हे सातजण बाकीच्यांना जगू देणार नाहीत, तुम्हीच हिशेब करून बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "पाव करा, नाहीतर पेशा काढून टाकू. तुम्ही सांगाल तसं."

मास्तरांनी हिशेब मांडला, दोनदा तपासला. मालकीणबाईंचे म्हणणे खरे होते. प्रोग्रॅमरबाई आकडा बदलण्यास पुढे सरसावल्या, तेव्हा त्यांनी मान हलविली आणि स्वतःच्या हाताने 'पाव' टंकित केले.

घरी ताई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालीत होत्या.

"झाला का पास आपला पोरगा?"

"झाला."

"मग तोंड का पाडलंयस?" आणि उत्तराची वाट न पाहता, "किती केलास?"

"पाव."

ताईंनी चादरीची दोन टोके जुळविली, हनुवटीखाली दाबली आणि घडी पुरी केली.

"माझ्या बोटावर बसवायला नको होतास," त्या म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात एका खाटेकडे बघून सगळ्यांचं औषध मोजलं असतं तर मेट्रनने मला उभी जाळली असती. धर हे टोक."

मास्तरांनी टोक धरले. दोघांनी मिळून उरलेल्या तीन चादरी घडी केल्या.

पुढच्या आठवड्यात शनिवारी पेशा सर्वांसाठी खुला झाला. त्या दुपारी मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन ताईंच्या खोलीत गेले, तेव्हा त्या संगणकापुढे बसल्या होत्या. पडद्यावर मोकळे माळरान होते, आणि त्यावर एकटाच खड्गमांत्रिक उभा. जवळपास लांडगा नव्हता, शत्रू नव्हता, लाकडी बुजगावणेसुद्धा नव्हते. पहिले अक्षर उजळले, वार बसला. दुसरे उजळले; बोट पोचेपर्यंत विझले. मंत्र तुटला.

"ताई, मी सोमवारी पुन्हा एकदा बोलून बघतो—"

"गप्प बस. लक्ष जातं."

पहिले अक्षर. वार. दुसरे. तुटला.

मास्तरांनी तांब्या आवाज न करता टेबलावर ठेवला. ताईंनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून सरळ केली, तर्जनी उचलून कळीवर नेऊन ठेवली, आणि माळरानावरच्या त्या माणसाने पुन्हा तलवार उगारली.

मास्तरांच्या तोंडून ऐकलेली ही हकीकत येथे पूर्ण झाली. वाचकांनी आपला मोलाचा वेळ दिला, त्याबद्दल त्यांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
पुस्तकबांधणीवाला
(त्याच कार्यालयाच्या खालचा गाळा)